श्रींच्या नावाचं ब्लाउज

सहा मे, सकाळचे साडेदहा. हातातलं काम : सहा ब्लाउजांना हुक लावणे. त्यातली पाच ब्लाउजं चुकीच्या मापाची आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे हुक फार सुरेख लागले.

मी सौंसरला माझ्या नणंदेच्या, शोभाताईंच्या ओसरीवर बसले होते. त्यांच्या पल्लवीचं त्या दिवशी साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होतं. रामाकोन्याहून पाहुणे चार वाजता यायचे होते. शोभाताईंच्या घरची रीत अशी, की मुलीकडचे विहीणबाईला नवी साडी आणि शिवलेलं ब्लाउज देतात. विहीण ते आतल्या खोलीत नेसते, बाहेर येऊन पाटावर बसते आणि मग मुलीला गंध लावते. म्हणजे ब्लाउज अंगात गेलं नाही तर विहीण बाहेर येत नाही, आणि विहीण बाहेर आली नाही तर गंध लागत नाही. थोडक्यात, पल्लवीचं पुढचं सगळं त्या दिवशी माझ्या कात्रीवर अवलंबून होतं.

मी निवांत होते. पांढुर्ण्यात बावीस वर्षं माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. शिवाय या वेळी मापं वहीत नव्हती, कॉम्प्युटरमध्ये होती, आणि त्यासाठीचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. (हे शेवटचं वाक्य मी त्या आठवड्यात दूधवाल्यालाही ऐकवलं होतं. तो म्हणाला, "बरं, उद्या किती लिटर?")

प्रोग्रामचं असं झालं. माझी मुलगी मानसी नागपूरला नोकरीला लागली आणि तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला. घरात यंत्र नुसतं पडून राहिलेलं मला सोसत नाही. दुकानात मापांच्या एकोणीस वह्या होत्या आणि कोणतं गिऱ्हाईक कोणत्या वहीत आहे ते फक्त मला आणि वाळवीला माहीत होतं. मी व्हिडिओ पाहून शिकायला लागले.

पहिल्या दिवशी माझा प्रोग्राम उघडला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. मी मानसीला फोन केला.

"आई, त्याचं काम संपलं की तो बंद होतो. तू त्याला थांबायला सांगितलंच नाही."

"काम संपल्यावर थांबायला सांगावं लागते? आमच्या दुकानात तर काम सुरू करायला सांगावं लागते."

तिसऱ्या दिवशी खिडकी थांबली. त्यात मी चौकटी केल्या : छाती, कंबर, बाही, उंची. छातीच्या मापात दोन इंच सैलपणा मिळवायचा असतो, तेही प्रोग्रामलाच सांगितलं. छत्तीस टाकले, बटण दाबलं. उत्तर आलं, तीनशे बासष्ट. हे ब्लाउजाचं माप नव्हतं, मांडवाच्या कापडाचं होतं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की चौकटीत आपण जे लिहितो ते कॉम्प्युटर आकडा म्हणून वाचत नाही, अक्षर म्हणून वाचतो. छत्तीसच्या शेजारी दोन चिकटवून तो मोकळा होतो. हा आकडा आहे असं त्याला वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं. वर एक पहाराही बसवला : कोणी बेचाळीसच्या वर छातीचं माप टाकलं, तर प्रोग्रामनं ते घ्यायचं नाही आणि म्हणायचं, 'हे माप खरं वाटत नाही. पुन्हा मोजा.'

बेचाळीसच का? तर ते आमच्या आत्याबाईंचं माप. आत्याबाई म्हणजे माझ्या आतेसासूबाई, वय सत्तर, आवाज विशीतला. त्यांच्याहून भरलेलं माणूस आमच्या नात्यात नाही आणि होणार नाही, याची मला खात्री होती.

मग तीन खोट्या नावांवर चाचणी घेतली. प्रोग्राम नावांच्या फाइलीतून पहिलं नाव घ्यायचा, मापांच्या फाइलीतून पहिलं माप घ्यायचा आणि चिठ्ठी छापायचा. मग दुसरं नाव, दुसरं माप. तीनही चिठ्ठ्या चोख आल्या. मानसी तेवढी फोनवर कुरकुरली.

"आई, नावं एका फाइलीत अन् मापं दुसऱ्या फाइलीत कायले ठेवून राहिली? एकाच ओळीत ठेव नं."

"नावं बदलत नाहीत, मापं बदलतात. म्हणून वेगळी."

"कधीतरी गडबड होईल."

"तू नोकरी कर," मी म्हटलं.

साक्षगंधाची सहा ब्लाउजं हे प्रोग्रामचं पहिलं खरं काम होतं. सगळ्यांची मापं मी स्वतः घेतली. विहीणबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी मापाचं जुनं ब्लाउज पाठवलं होतं. ते मोजून लगेच परत धाडलं. फक्त माझं माप घ्यायची गरज पडली नाही. माझं मला तोंडपाठ आहे, अडतीस. नावं या क्रमाने लिहिली : शोभाताई, विहीणबाई, शोभाताईंच्या जाऊ सुमनबाई, पल्लवी, आत्याबाई आणि शेवटी मी.

चिठ्ठ्या छापताना शेवटच्या नावाला एक लाल सूचना आली. मी शोधलं, तर उपाय सापडला : चूक आली तर गप्प बसायचं, अशी एक ओळ लिहिता येते. लिहिली. तो गप्प बसला. घरातल्या माणसांना बावीस वर्षांत जे जमलं नाही, ते कॉम्प्युटरला एका ओळीत जमलं.

आणि योग पाहा, सर्वांत आधी जी चिठ्ठी निघाली तिच्यावर नाव होतं '॥ श्री ॥'. मला फार बरं वाटलं. शुभकार्याची पहिली चिठ्ठी देवाची. तिला हळदकुंकू लावलं आणि सुयांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून टाकली. खाली बारीक अक्षरांत काय होतं ते वाचलं नाही. देवाच्या चिठ्ठीतलं बारीक अक्षर कोण वाचतं!

उरलेल्या सहा चिठ्ठ्या कापडांना टाचल्या आणि कापून टाकली सगळी. विहीणबाईंचं कापड कापताना वाटलं, बाई अगदीच काडी दिसते. त्यांचं जुनं ब्लाउज मोजताना असं वाटलं नव्हतं, पण हंगामात दिवसाला चाळीस ब्लाउजं डोळ्यांखालून जातात. पल्लवीचं कापताना वाटलं, पोरगी लग्न ठरल्याच्या आनंदात चांगलीच सुटली. आत्याबाई उन्हाळ्यामुळे उतरल्या असतील. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं. बावीस वर्षांची नजर सांगत होती की काहीतरी चुकतंय, पण कॉम्प्युटर कसा चुकेल? तो तर मीच शिकवला होता.

तर, सहा मे. हुक लावून झाले आणि बाराच्या सुमारास मी सगळ्यांना ब्लाउजं घालून पाहायला सांगितलं. पहिली पल्लवी आली, राणी रंगाच्या ब्लाउजात. खरं म्हणजे ब्लाउज आलं, पल्लवी आत कुठेतरी होती.

"मामी, यात मी अन् अजून एक नवरी बसते."

"जेवत नाही तू. आठ दिवसांत वाळली."

"आठ दिवसांत दहा इंच?"

एवढ्यात आतल्या खोलीतून मला हाक आली, "निर्मले! अवं निर्मले, माहा हात गुतला वो!"

आत्याबाईंनी राखी रंगाच्या ब्लाउजात एक हात घातला होता, आणि तो पुढेही जात नव्हता, मागेही येत नव्हता. मी आणि पल्लवीने मिळून तो सोडवला. हात मोकळा झाल्यावर त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे ब्लाउज हाय का उंदराचा पिंजरा?"

शोभाताईंचं हिरवं ब्लाउज खांद्यावरून घसरत होतं. सुमनबाईंच्या पिवळ्या ब्लाउजात फक्त दोन इंचांचा फरक होता, म्हणून सर्वांत जास्त आवाज त्यांचा होता. "मले वाटलंच होतं. जावेच्या माहेरचं काम, माह्याकडे कोण लक्ष देते?"

"सुमन, तू चूप राह्य," शोभाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुमचं कसं आलं?"

मी माझं निळं ब्लाउज टेबलावर पसरून मोजपट्टी लावली. अडतीस अधिक दोन, चाळीस. तंतोतंत.

चार जणींची ब्लाउजं बिघडली आणि शिवणारीचं तेवढं बरोबर. सुमनबाईंनी पाणी पिताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरले नाही.

"अन् विहीणबाईचं?" शोभाताईंनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता. त्यांची जाऊ पाहत होती, आत्या पाहत होती, आणि चार तासांनी पोरीची सासू येणार होती. "वहिनी, त्याइच्या अंगात नाही गेलं तर त्या काय म्हणतीन? पयल्याच दिवशी आपण त्याइले जाड म्हटल्यासारखं होते."

"त्या बारीक आहेत," मी म्हटलं.

"कोण? मी भेटली नं त्याइले. दाराची एक फळी उघडली तर त्या आत नाही येत."

मी लॅपटॉप सोबत आणला होता. (दुरुस्तीसाठी नाही, पाहुण्यांना दाखवायला.) पण तो उघडला नाही. आधी मोजपट्टी घेतली, सहाही ब्लाउजं पलंगावर ओळीनं मांडली आणि मोजली. पल्लवीच्या ब्लाउजाचं माप कोणाचं? आत्याबाईंचं. आत्याबाईंच्या ब्लाउजाचं? माझं. सुमनबाईंच्याचं? पल्लवीचं. शोभाताईंच्याचं, विहीणबाईंचं. आणि विहीणबाईंच्या त्या मरून रेशमी ब्लाउजाचं माप होतं घरातल्या सर्वांत बारीक बाईचं, म्हणजे सुमनबाईंचं.

मापं खरी होती. फक्त प्रत्येकीला पुढचीचं माप लागलं होतं. मग शोभाताईंचं माप गेलं कुठे?

खूण करायला टाचणी हवी म्हणून मी सुयांचा डबा उघडला. झाकणाला आतून चिठ्ठी होती. हळदकुंकवाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : '॥ श्री ॥. छाती : छत्तीस अधिक दोन. बाही : दहा.'

शोभाताईंचं ब्लाउज मी देवाच्या नावावर टाकलं होतं.

आता सगळं लख्ख दिसलं. बावीस वर्षं मी वहीचं पान 'श्री' लिहिल्याशिवाय सुरू केलेलं नाही. नावांची फाइल लिहितानाही हात आपोआप गेला आणि पहिल्या ओळीत श्री बसले. मापांच्या फाइलीत मात्र श्री नव्हते, तिथे नुसते आकडे. त्यामुळे पहिलं माप श्रींना गेलं आणि पुढची सगळी मंडळी एकेक पाट सरकली. शेवटी माझ्या नावाला माप उरलंच नाही. लाल सूचना तेच ओरडून सांगत होती, आणि तिला मी गप्प केलं होतं. खिडकीत आत्याबाईंच्या वेळचं माप तसंच राहिलं, ते नेमकं माझं होतं. आणि चाचणीत हे का कळलं नाही? कारण चाचणीच्या यादीवर मी श्री लिहिलेच नव्हते. खोट्या नावांच्या कामाला देवाला कशाला तसदी!

"म्हंजे चूक कोणाची झाली?" आत्याबाईंनी विचारलं.

"माझी."

"मंग देवाचं नाव कायले घेते?"

साडेबारा वाजले होते. पुन्हा कापायला कापड नव्हतं, प्रत्येक साडीबरोबर ब्लाउजाचा एकच तुकडा येतो. विहीणबाईंच्या ब्लाउजात कितीही जोड लावले तरी दहा इंच कुठून आणणार? शोभाताईंनी डोळ्याला पदर लावला. मला रडणाऱ्या माणसाजवळ बसता येत नाही, म्हणून मी पुन्हा त्या पलंगाकडे पाहत राहिले. सहा ब्लाउजं, शेजारी सहा साड्या.

"शोभाताई, रडू नका. ब्लाउजं बरोबर आहेत. बायका चुकल्या आहेत."

"काय बोलून राहिल्या वहिनी?"

"प्रत्येकीच्या मापाचं ब्लाउज इथं आहे. फक्त ते शेजारणीच्या साडीचं आहे. मग साडीच बदला. साडीला माप नसतं."

सगळ्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर गोंधळ झाला.

विहीणबाईंच्या मापाचं ब्लाउज शोभाताईंच्या हिरव्या साडीचं होतं, म्हणजे विहीणबाईंना हिरवी साडी द्यायची. साडी नवीच होती, घडीही मोडलेली नव्हती. तिथवर ठीक होतं. पण मग मरून रेशमी साडी, जी शोभाताईंनी नागपूरला सात दुकानं फिरून विहिणीसाठी घेतली होती, ती कोणाकडे गेली?

"सुमनकडे?" शोभाताईंचे अश्रू जागच्या जागी वाळले. "ती मानाची साडी सुमन नेसन?"

"मी काही मागितली नाही बाप्पा," सुमनबाई म्हणाल्या. साडी तोपर्यंत त्यांच्या खांद्यावर होती.

"दुसऱ्या कोणाच्या अंगात ते ब्लाउज जात असेल तर सांगा," मी म्हटलं. कोणाच्याच जात नव्हतं.

पल्लवीला सुमनबाईंची पिवळी मिळाली. "मामी, मी साक्षगंधात हळदीची नवरी दिसीन." पण ब्लाउज असं बसलं, की आरशासमोर दोनदा वळून तिने पिवळ्या साडीची घडी स्वतःच मोडली. तिची राणी रंगाची, जरीच्या बुट्ट्यांची साडी गेली आत्याबाईंकडे. मला वाटलं होतं या वयात हा रंग त्या नाकारतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "परत द्या लागन का?"

आता माझ्या मापाची ब्लाउजं दोन झाली, आणि शोभाताईंकडे एकही नाही. माझं निळं मी त्यांच्यासाठी दोन इंच आत घेतलं. त्यांचं पायाचं मशीन जुनं आहे, पण पंधरा मिनिटांत झालं. मला राहिली आत्याबाईंची राखी साडी आणि ते राखी ब्लाउज. पावणेचार वाजता सगळ्या तयार होऊन ओसरीवर उभ्या राहिल्या, तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. चूक शोधली, कारण शोधलं, दुरुस्त केली. मग मी कपडे बदलायला आत गेले.

राखी ब्लाउजाचे हुक लागेनात.

माझ्याच मापाचं ब्लाउज. अडतीस अधिक दोन. मी श्वास सोडला, तरी लागेनात. शिवणीच्या आत राखलेलं सगळं कापड उसवून मोकळं केलं, तेव्हा खालचे तीन लागले. वरच्या तीन ठिकाणी पिना आल्या. बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला, आणि मी दोन्ही खांद्यांवरून घट्ट पदर घेऊन बाहेर आले.

"मामी, थंडी वाजून राहिली का?" पल्लवीने विचारलं. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होतं.

विहीणबाई आल्या. त्यांच्यासाठी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या होत्या. त्यांना साडी-ब्लाउज देऊन आत पाठवलं आणि शोभाताईंनी माझा हात धरला. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली. पाच मिनिटं झाली. आत्याबाई राणी रंगात झळकत दाराकडे पाहत होत्या. दहा मिनिटं झाली. शोभाताई पुटपुटल्या, "गुतला वाटते हात."

दार उघडलं. विहीणबाई हिरव्या साडीत बाहेर आल्या, हात वर करून पाहिले, खाली करून पाहिले.

"बाई, मापाचं एक जुनं ब्लाउज पाठवलं होतं फक्त," त्या म्हणाल्या. "आजवर माह्या अंगाले असं पयल्यांदा कोणाचं बसलं. कोणी शिवलं?"

शोभाताईंनी माझ्याकडे बोट केलं.

"कॉम्प्युटरवर केलं," मी म्हटलं. पिना टोचत होत्या, त्यामुळे यापेक्षा लांब वाक्य शक्य नव्हतं.

गंध लागलं. पल्लवी पिवळ्या साडीत फार छान दिसत होती. विहीणबाईंनी जेवताना सुमनबाईंच्या मरून पदराला दोनदा हात लावून पाहिला आणि शोभाताईंना म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईची साडी लय भारी हाय वो." शोभाताई म्हणाल्या, "हो नं, तिले आवड हाय." असं हसत म्हणायला काय लागतं ते त्यांना आणि मलाच माहीत. निघताना विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. लग्नाची त्यांच्याकडची अकरा ब्लाउजं मीच शिवावीत, आणि याच कॉम्प्युटरवर.

सात मे, सकाळी आठ. पांढुर्ण्याला घरी आल्यावर पहिलं काम केलं ते प्रोग्रामचं. दोन फाइली मोडून एक केली, नाव आणि माप एकाच ओळीत. गप्प बसायची ओळ काढून टाकली. पहिल्या ओळीत श्री लिहिले आणि प्रोग्रामला नीट सांगितलं, की या ओळीला नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. चाचणी श्रींसकट घेतली. सगळं बरोबर आलं. मानसीला फोन करून सांगितलं, की नाव आणि माप एका ओळीत ठेवणं चांगलं असतं असं मला आढळून आलं आहे.

मग राहिलं एकच. मोजपट्टी घेतली, दार लावलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःला मोजलं. आलेला आकडा चौकटीत टाकून बटण दाबलं.

'हे माप खरं वाटत नाही. पुन्हा मोजा.'

मी पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच आलं. मग मी प्रोग्राम उघडला आणि पहारा आत्याबाईंच्या पुढे सरकवला.